तुरळक ठिकाणी

डोंगर चढणाऱ्यांच्या प्रत्येक टोळीत एक असामी अशी असते, की जिला मोहीम रद्द करता येत नाही. छत्रपती संभाजीनगरात ही जात पुण्या-नाशिकपेक्षा जास्त पिकते, असं माझं मत आहे. तिकडे सह्याद्री दाराशी आहे. एक रविवार बुडाला तर पुढचा. इथल्याला सुळका चढायचा तर पहाटे उठून, व्हॅन ठरवून, वैजापूर-येवला मागे टाकून थेट मनमाडच्या अलीकडे अंकाईला जावं लागतं. एवढी जमवाजमव झाल्यावर रद्द म्हणायला जीभ वळत नाही.

आमच्या टोळीतल्या या असामीला सगळे 'सर' म्हणतात. ते शिकवत कुठेच नाहीत; वाळूज एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहेत. आठवडाभर मायक्रोमीटर लावून केसभर चुकलेला नग बाजूला काढणारा हा माणूस रविवारचं हवामान मात्र डोळे झाकून पास करतो. हवामान खात्यानं 'मराठवाड्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस' असं म्हटलं, की सर चष्मा कपाळावर सरकवून समजावतात, "तुरळक ठिकाणी म्हणजे आपल्या ठिकाणी नाही. शिवाय मनमाड नाशिक जिल्ह्यात. तो उत्तर महाराष्ट्र, त्याचा अंदाज वेगळा." त्या वेगळ्या अंदाजातही हेच वाक्य असतं, पण तोवर सरांनी वाचणं थांबवलेलं असतं.

सरांचं दैवत म्हणजे हडबीची शेंडी. मनमाडकडून रेल्वेनं जाताना खिडकीतून अंगठ्यासारखा उभा दिसतो तोच हा सुळका. शेजारी अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले आहेत, तिथं पायवाटेनं कुणीही जाऊ शकतं, म्हणून सरांना त्यांचं विशेष काही वाटत नाही. शेंडीला दोर लागतो, हार्नेस लागतं, कॅराबिनर लागतात, आणि मुख्य म्हणजे कोरडा कातळ लागतो. म्हणून सुळक्यांचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. आणि दिवाळीच्या आसपासच अवकाळी येतो.

व्हॅन चाचांची. सोमवार ते शनिवार ती शाळेच्या पोरांची ने-आण करते. मागच्या काचेवर 'सावधान, शाळेची मुले' लिहिलेलं आहे आणि रविवारी आत आम्ही बसतो, म्हणजे मजकूर फारसा चुकत नाही. सीटखाली पहिलीतल्या कुणाचीतरी कार्टूनवाली पाण्याची बाटली लोळत असते. तिच्याशेजारी सरांचा साठ मीटरचा दोर आणि ठेच्याचा डबा.

आता निघण्याचा प्रसंग बघा. पहाटेचे पाच, क्रांती चौक. काचेवर थेंब. सर म्हणतात, "दव आहे." पडेगावला वायपर चालू होतो. "हा ढग पडेगावपुरताच आहे." मिटमिट्याला समोरचा ट्रक दिसेनासा होतो. "मिटमिट्याला नेहमीच पडतो." व्हॅनमधलं कुणी हसत नाही, कारण सर विनोद करत नसतात. ते गावागणिक पावसाला हद्दपार करत चाललेले असतात.

दौलताबाद टी पॉइंट हे आमच्या गिर्यारोहणाच्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं ठिकाण. सरळ गेलं की लासूर, वैजापूर आणि पुढे शेंडी. उजवीकडे वळलं की दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ. सर सरळ बघत असतात. चाचांनी उजवीकडचा इंडिकेटर आधीच दिलेला असतो.

"चाचा, सरळ."

"हौ सर. मगर डिझेल वेरूळ तक का ही डाला मैं."

याच मुक्कामी सरांना गावाकडून फोन येतो. काका सिल्लोड तालुक्यात शेती करतात. फोन स्पीकरवर पडतो, कारण सरांच्या हाताला दोराची पिशवी अडकलेली असते.

"कुठं हायस रे?"

"मोहिमेवर निघालोय काका. पण पाऊस लागलाय."

"लागलाय ना. इथं मका काढून टाकलीय खळ्यावर, निम्मी भिजली. ताडपत्री पुरना. तुमचं काय भिजलं?"

सर जरा थांबून म्हणतात, "दोर."

"कासरा व्हय?"

त्यानंतर बराच वेळ व्हॅनमध्ये कुणी पावसाला शिव्या देत नाही. आमच्या भागात गिर्यारोहकाची ही एक पंचाईतच आहे. ज्या मुलखात सकाळच्या पेपरात राशिभविष्याआधी जायकवाडी किती टक्के भरलं ते बघतात, तिथं पाऊस नको असं म्हणायचं कोणत्या तोंडानं? आणि अवकाळी नको म्हणायचं, तर ज्याची मका भिजते त्याच्या शेजारी उभं राहून आपल्या रविवारचं गाऱ्हाणं गायचं का? सर त्यामुळे पावसाविरुद्ध कधी अवाक्षर काढत नाहीत. ते फक्त योजना बदलतात, आणि बदलली असं कबूलही करत नाहीत.

"मुळात आज सरावच ठरला होता," ते जाहीर करतात. व्हॅन उजवीकडे वळते.

इथं एक गोष्ट सरांच्या बाजूनं सांगायलाच हवी. ओल्या कातळावर त्यांनी आजवर कुणालाही चढू दिलेलं नाही. पाऊस थांबून ऊन पडलं तरी आपला बसाल्ट लगेच वाळत नाही. लाव्हाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा असतो, त्यातून पाणी पाझरत राहतं. खोबणीत बोट घातलं तर पकड मिळण्याऐवजी चिखल मिळतो. भिजलेला नायलॉनचा दोर जड होतो आणि त्याची ताकदही घटते. हे सगळं सरांना पाठ आहे. अर्ध्या पावसात 'करून टाकू' म्हणणारे वीरही मी पाहिलेत. ते रीलमध्ये छान दिसतात. दोराच्या दुसऱ्या टोकाला मला सरच हवेत. तोंडानं कधीच माघार न घेणारा हा माणूस पायानं मात्र नेमका वेळेवर माघार घेतो.

तर दौलताबाद. देवगिरीचा तासलेला कडा समोर आला की सर गाडी थांबवायला लावतात. कुणाला चढताच येऊ नये म्हणून मुद्दाम उभा तासलेला हा खडक, त्यात पुरातत्त्व खात्याचं संरक्षण. म्हणजे चढाईचा प्रश्नच नाही. सर छत्री धरून खालून वरपर्यंत नजर फिरवतात आणि क्वालिटीच्या माणसाला शोभेल असा शेरा देतात, "फिनिशिंग बघा." मग आम्हाला किल्ल्यातल्या अंधारीतून नेतात. तिथं वटवाघळांचा वास आणि सहलीच्या पोरांची किंकाळी यापलीकडे धोका नाही, तरी हेल्मेट सक्तीचं. सहलीची पोरं आम्हाला खात्याची माणसं समजून वाट देतात.

आमच्यातल्या एकानं इथंच तोंड उघडलं. म्हणाला, "सर, 1327 साली महंमद तुघलकानं राजधानी दिल्लीहून इथं आणली आणि काही वर्षांत परत नेली. तुमचं घराणं जुनं दिसतंय." सर रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "त्याच्याकडे प्लॅन बी नव्हता."

सरांकडे असतो; सी आणि डी पण असतात. वेरूळला 29 नंबरच्या लेण्याजवळचा धबधबा, तो रविवारच्या गर्दीमुळे नाकारला जातो. म्हैसमाळ, तिथं धुक्यात शेजारचा माणूस दिसत नाही, पण भाजलेल्या कणसाचा वास येतो, त्यामुळे ते मंजूर होतं. आणि परतीला खुलताबादचा भद्रा मारुती. बाकी मारुती उभे, हा शयनमुद्रेतला. सर गाभाऱ्यासमोर हात जोडून आम्हाला हळूच म्हणतात, "बघा. द्रोणागिरी उचलणारासुद्धा आडवा झालाय. विश्रांती हा ट्रेनिंगचाच भाग आहे." या युक्तिवादाला आमच्यापैकी कुणाकडेही उत्तर नाही.

सिडकोतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी यानंतरचं प्रकरण घडतं. दोर उन्हात वाळवायचा नसतो, सावलीतच वाळवावा लागतो. त्यामुळे तो पडद्याच्या दांडीवरून पंख्यावर, तिथून कपाटाच्या मुठीला आणि देव्हाऱ्याला वळसा घालून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येतो. साठ मीटर म्हणजे किती, हे वहिनींइतकं कोणत्याही गिर्यारोहकाला ठाऊक नसेल. त्या खाली वाकून, दोराखालून चहाचा ट्रे आणतात आणि दरवेळी एवढंच विचारतात, "झाली का शेंडी?"

"बेस तयार झाला," सर सांगतात.

रात्री ग्रुपवर अहवाल येतो. 'मोहीम: हडबीची शेंडी. स्वरूप: पूर्वतयारी. संघाचे मनोधैर्य उत्तम. कणसे मधुर.' खाली हिशेब: व्हॅनचं भाडं मनमाडचं नव्हे, वेरूळचं धरलं आहे, उरलेले पैसे पुढच्या रविवारच्या मोहिमेत जमा. त्याखाली पुढच्या रविवारची वेळ, पहाटे पाच, क्रांती चौक, दोर नव्यानं तपासलेला. सगळ्यांनी धडाधड अंगठे पाठवले. सरांनी ते होकार म्हणून मोजले.

चाचांनी तेवढा विचारला एक प्रश्न, "सर, डिझेल कित्ता डालूं?"