ऊस नोंदीत, माणूस नोंदीबाहेर

दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात. गव्हाणीत मोळी पडते, अध्यक्षांचं भाषण होतं आणि अलीकडे त्या भाषणात इथेनॉल असतंच. बगॅसवर वीज, मळीपासून इंधन, पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रण, परकीय चलनाची बचत. यातलं काहीही खोटं नाही. २०३० साठी ठरवलेलं मिश्रणाचं उद्दिष्ट देशानं २०२५ मध्येच गाठलं आणि त्यात महाराष्ट्रातल्या उसाचा वाटा मोठा आहे. हा उद्योग स्वतःला आता हरित ऊर्जा उद्योग म्हणवून घेतो. मला एकच विचारायचं आहे. ज्या हातांनी हा ऊस तुटतो, ते हात या उद्योगाच्या कोणत्या रजिस्टरात आहेत?

कोणत्याच नाहीत.

उसाची नोंद मात्र चोख असते. गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख, आडसाली की सुरू की खोडवा, वाण को-८६०३२ की फुले-२६५, सगळं शेतकी खात्याकडे असतं. तोडणीचा प्रोग्रॅम त्यावरून लागतो. वाहन काट्यावर आलं की त्याचा नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, वेळ, स्लिप हे सगळं संगणकात जातं आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज येतो. उसाचं एक कांडं कुठल्या शेतातून आलं हे सांगू शकणाऱ्या कारखान्याला ते कोणी तोडलं हे सांगता येत नाही, असं मी मानत नाही. सांगायचं नसतं. कारण नाव लिहिलं की नातं लागतं, आणि नातं लागलं की भविष्यनिर्वाह निधी, अपघात विमा, बाळंतपणाची रजा, साप्ताहिक सुट्टी हे सारं दारात उभं राहतं.

म्हणून करार होतो तो वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी. कारखान्याकडून निघालेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मुकादमाच्या हातातून कामगाराकडे जाते. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या रास्त व किफायतशीर दरातून, म्हणजे एफआरपीतून, वजा होतो. कारखाना म्हणतो, माणसं मुकादमाची. मुकादम म्हणतो, मी मध्यस्थ. शेतकरी म्हणतो, पैसे तर माझ्या बिलातून कापले. तिघंही आपापल्या जागी खरं बोलतात आणि फडातल्या माणसाला मालकच उरत नाही. राज्यात ऊसतोड कामगार किती, याचे अंदाज आठ लाखांपासून बारा लाखांपर्यंत जातात. चार लाख माणसांचा फरक! एवढा फरक उसाच्या गाळपात पडला तर साखर आयुक्तालयात एका दिवसात बैठक लागेल.

आता दर बघा. जानेवारी २०२४ मध्ये, संपाचा इशारा आणि बऱ्याच वाटाघाटी झाल्यावर, तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ झाला. वाढ ३४ टक्के, ऐकायला भरपूर. पण नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. दोघांनी दिवसात दोन टन ऊस तोडला, पाचट काढलं, मोळ्या बांधल्या आणि फळीवरून चढत ट्रकमध्ये भरल्या, तर हाती ७३२ रुपये. दोघांचे मिळून. हा दिवस पहाटे सुरू होतो आणि ट्रक रात्री भरायचा असेल तर रात्री संपतो. त्यातून उचल फिटायची असते. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते, म्हणजे पुढचं वर्षही आधीच विकलेलं असतं. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणूस कामाला बांधून ठेवणं या देशानं १९७६ मध्ये कायद्यानं बंद केलं आहे. बाईच्या श्रमाची मजुरी तर तिच्या नावानं मोजलीच जात नाही; ती कोयत्याच्या हिशेबात जिरून जाते.

या बाईबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. २०१९ मध्ये बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून गदारोळ झाला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. दर सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. बीडच्या यादीतल्या अनेकींची चाळिशीही उलटलेली नव्हती.

हे का होतं, ते फडाच्या बांधावर उभं राहिलं की कळतं. संडास नाही. न्हाणी नाही. पाणी मिळेल ते. पाळीचं कापड बदलायला आडोसा नाही, त्यातून जंतुसंसर्ग. पोटात दुखतं म्हणून एक दिवस घरी राहिलं तर खाडा, आणि खाड्याचा दंड मजुरीहून मोठा. मग गावी परतल्यावर खासगी दवाखान्यात कोणीतरी कॅन्सरची भीती घालतं, आणि बाई विचार करते की पिशवी काढली तर दर महिन्याचा खाडा तरी वाचेल. शस्त्रक्रियेचे पैसे पुन्हा उचलीतून. पुढे कंबर धरते, हाडं दुखतात आणि तेच शरीर घेऊन ती पुढच्या हंगामाला ट्रकवर मोळी चढवते.

सरकारनं काय केलं? जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक केली. केलं ते बरंच केलं. पण कडी घातली ती ऑपरेशन थिएटरला. फड होता तसाच राहिला. आणि कारखानदारांनी तो प्रश्न दवाखान्यांचा म्हणून सोडून दिला. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त राग येतो तो या सोडून देण्याचा. फिरतं शौचालय, पाण्याची टाकी, महिन्यातले दोन दिवस दंडाशिवाय सुट्टी आणि टोळीमागे एक आशाताई एवढ्यावर सुरुवात झाली असती. यासाठी कुठलं संशोधन लागत नाही. एखाद्या अध्यक्षाला संचालक मंडळाच्या बैठकीत हा विषय मांडावा लागतो.

'कायद्यात तशी तरतूद नाही' हे उत्तर नेहमी येतं. १९७९ चा स्थलांतरित मजुरांचा कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांपुरता केला गेला. बीडहून सांगलीला येणारा त्यात बसला नाही, हे खरं. पण महाराष्ट्रात कारखान्याच्या अध्यक्षाच्या खुर्चीवर बसणारे किती जण विधानसभेतही बसतात, हे तुम्ही-आम्ही जाणतो. कायदा नाही अशी तक्रार कायदा करणाऱ्यांनी कोणाकडे करायची?

कायद्याची वाट न बघता वागलेले मालक आपल्याकडे झाले आहेत. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. १८८६ मध्ये तिथे कामगारांसाठी पेन्शन फंड निघाला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू झाली. भरपाईचा कायदा आला १९२३ मध्ये. टाटांच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ पासून आहे. त्या घराण्याचं सगळंच वंदनीय होतं असंही नाही. त्यांच्याच कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मुळशीच्या मावळ्यांना सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहाला उभं राहावं लागलं होतं. पण गिरणीच्या आतल्या माणसाबाबत त्यांनी जे केलं, ते कोणी सांगितलं म्हणून केलं नव्हतं.

सहकारी साखर कारखानदारीचा जन्मही असाच झाला. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ, वैकुंठभाई मेहता यांनी प्रवरानगरला जे उभं केलं, त्यानं सावकाराच्या दारातल्या शेतकऱ्याला कारखान्याचा मालक केलं. जगाला दाखवावं असं ते काम आहे. फक्त ते कार्यक्षेत्राच्या हद्दीशी थांबलं. सभासद होतो तो ऊस पिकवणारा. बीड, जालना, परभणीतला कोरडवाहू तुकड्याचा धनी आयुष्यभर त्याच कारखान्याचा ऊस तोडतो आणि सभासद होत नाही. वार्षिक सभेत त्याला बोलता येत नाही. आज राज्यातले निम्म्याच्या आसपास कारखाने खासगी आहेत, तिथे तर सभेचाही प्रश्न नाही.

कारखाने तोट्यात आहेत, साखरेची किमान विक्री किंमत २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाली आणि एफआरपी मात्र वाढत गेली, हे गाऱ्हाणं मी खोटं मानत नाही. म्हणून हिशेब मांडू. टनभर उसातून साधारण १०० ते १०५ किलो साखर निघते. म्हणजे किलोभर साखरेमागे तोडणीचे साडेतीन रुपये. दर टनाला आणखी १०० रुपये कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी काढले, तर साखर किलोला एका रुपयानं महाग होईल. चांगल्या हंगामात राज्यात १० कोटी टनांच्या आसपास गाळप होतं, तेव्हा हे १,००० कोटी होतात. १० लाख माणसं धरली तर डोई १०,००० रुपये. आज गोपीनाथ मुंडे यांच्या नावच्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचं ठरलेलं आहे.

हा रुपया एकट्या कारखान्यानं सोसावा असंही नाही. शीतपेयाच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असेल तर त्यातला तोडणीचा हिस्सा ९ पैशांच्या आत भरतो. ९ पैसे! मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट या वृत्तसंस्थेनं महाराष्ट्रातल्या फडांपासून कोका-कोला आणि पेप्सिकोपर्यंतची साखळी जगापुढे मांडली. अशा खरेदीदारांकडे पुरवठादारांसाठी आचारसंहिता असते, तपासनीस असतात. तपासणी कारखान्याच्या फाटकात सुरू होऊन फाटकातच संपली, तर ती फडापर्यंत कशी पोचणार? इकडे शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीनं बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. पुढे मोठ्या कंपन्यांकडे पुरवठादारांचीही माहिती मागितली आणि मग ती ऐच्छिक केली. नेतृत्व कशाला म्हणायचं हे या ऐच्छिक रकान्यातून कळेल. जो उद्योगपती सक्ती नसताना तो भरेल आणि त्यात फडातल्या माणसांचा आकडा लिहील, त्याच्या हरित भाषणावर मी विश्वास ठेवीन.

पाण्याचा मुद्दा मोठा आहे, इथे एवढंच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं प्यायचं पाणी न्यावं लागलं आणि मराठवाड्यात उसाची लागण त्यानंतरही थांबली नाही. ज्या कोरड्या शिवारातून ऊसतोड कामगार बाहेर पडतात, त्याच मराठवाड्यात ऊस सिंचनाचं पाणी पितो. तिथलं पाणी डाळी-तेलबियांकडे वळलं असतं तर यातल्या कितीतरी घरांना गाव सोडावं लागलं नसतं.

आता यंत्र येतंय. केंद्राच्या राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून २०२३ मध्ये महाराष्ट्रासाठी ९०० ऊसतोडणी यंत्रांना मंजुरी मिळाली. किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख, यातलं जे कमी ते अनुदान. माणसाच्या पाठीवरचं हे काम यंत्रानं करावं, याला माझा विरोध नाही. उलट लवकर करावं. पण अनुदान यंत्र घेणाऱ्याला आहे, यंत्रानं ज्याचं काम जाईल त्याला काही नाही. पुढच्या मंजुरीपासून अर्जाला एक यादी जोडायला लावा. हे यंत्र ज्या फडांत चालणार तिथल्या टोळ्यांतल्या माणसांची नावं, गावं, शिल्लक उचल, मुलांचं वय आणि शाळा. यंत्र चालवायचं, दुरुस्त करायचं प्रशिक्षण आधी त्या यादीतल्या पोरापोरींना द्या, आणि ज्यांची उचल बाकी आहे त्यांची ती माफ करण्याचा भार कारखाना, खरेदीदार आणि सरकार यांनी वाटून घ्यावा. यादी करायला वेगळं खातं नको. कारखान्याचे चिटबॉय आजही रोज फडात जातात, ट्रकचा नंबर लिहून आणतात. त्याच वहीत आणखी एक रकाना आखायचा आहे.