वजन तेवढंच आहे की!

लग्नातलं वजन आणि आजचं वजन यांत किलोचाही फरक नाही, ही माझी एकमेव मिळकत. भालकीच्या बाजारात जुना सोबती भेटला की मी आधी त्याच्या पोटाकडं बघतो, मग "काय म्हणते तब्येत?" विचारतो आणि त्यानं तोंड उघडायच्या आत स्वतःचं वजन सांगून मोकळा होतो. निवृत्त मुख्याध्यापकाकडं सांगण्यासारखं दुसरं असतं तरी काय? मराठी शाळेचा पट घटला, तुकड्या घटल्या, पोरं कन्नड आणि इंग्रजी माध्यमात गेली. हातात होतं तेवढं वजन मी टिकवलं.

"तेवढंच आहे की," सौ. म्हणते. "पण बदली झालीय त्याची. मांडीवरनं पोटात."

जन्मभर सरकारी नोकरी केलेला माणूस बदली म्हटलं की गप्प होतो. मीही झालो. पण पुण्याच्या भाच्यानं दिवाळीला नवा वजनकाटा आणला आणि विषय पुन्हा निघाला. हा काटा नुसतं वजन सांगून थांबत नाही. त्यावर अनवाणी उभं राहायचं. तो तळपायातनं बारीक वीज सोडतो. स्नायूंत पाणी जास्त, तिथनं वीज सुळकन निघून जाते. चरबी तिला अडवते. या अडवणुकीवरनं अंगात चरबी किती टक्के, ते ठरतं. माझ्या अंगात वीज बरीच रेंगाळली. आकडा मी इथं देत नाही. शाळा तपासणीला आलेल्या साहेबांनाही काही आकडे आम्ही "नंतर कळवतो" म्हणूनच सांगत असू. भाच्याला ही रीत ठाऊक नसल्यामुळं त्यानं तो अंगणापर्यंत ऐकू जाईल असा वाचला. वर म्हणाला, "मामा, तुम्ही बाहेरनं बारीक आणि आतनं लठ्ठ आहात."

खचून जायचा माझा स्वभाव नाही. मी पुरावे गोळा करायला बसलो आणि मला एक फोटो सापडला. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारीशेजारी उभे आहेत. उंचीच्या मानानं वजन दोघांचं अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! त्या दिवसापासनं मी स्वतःला याज्ञिकांच्या बाजूचा समजतो. विद्वत्तेत नाही, निदान टक्क्यांत. (टक्क्यांत मी त्यांच्याही पुढं आहे.)

याच याज्ञिकांनी १९९३ पासनं पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बाया आणि त्यांची लेकरं यांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडातल्या साउदम्प्टनची ३.५ किलोंची. आपल्या बाळांचं वजन कमी पडलं ते मुख्यतः स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत; कातडीखालची चरबी त्यांनी बऱ्यापैकी राखली होती. म्हणजे माझं पोट माझ्या जन्माच्या आधीचं आहे आणि दुपारच्या झोपेचा त्याच्याशी काही संबंध नाही, असा निष्कर्ष मी काढला. सौ.नं तो अजून मंजूर केलेला नाही.

भाच्यानं खाणं कमी करायला सांगितलं, आणि तेही येळवस तोंडावर आलेली असताना.

आता येळवशीचं नाव निघालंच आहे तर दोन शब्द बोलू द्या. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला बिदर, भालकी, औराद, आळंद आणि पलीकडं लातूर, निलंगा, उदगीर सगळं शेतात असतं. गावात फक्त कुलपं आणि कुत्री. १९५६ साली बिदर जिल्हा वाटला गेला, उदगीर-निलंगा मुंबई राज्यात गेले, आम्ही म्हैसूर राज्यात आलो, पण येळवशीच्या भज्जीची वाटणी कुठल्याच सरकारला जमली नाही. ओली तूर, ओला हरभरा, वाल, वटाणा, मेथी, चुका, कांद्याची पात, गाजर, चिंच, आणि हे सगळं धरून ठेवायला डाळीचं पीठ. पीठ धरायला असतं, बुडवायला नव्हे. आमच्या गल्लीतल्या एका घराला हे पिढ्यान्‌पिढ्या उमगलेलं नाही. ते लोक ओल्या दाण्यांचं पिठलं करतात आणि त्याला भज्जी म्हणतात. दुसरं, भज्जी गरमागरम वाढणाऱ्याशी मी बोलत नाही. ती कडब्याच्या कोपीत, गार वाऱ्यात, पाचही पांडवांना नैवेद्य दाखवून झाल्यावर, बाजरीच्या उंड्यावर ओतून खायची. उंडा बोटांनी फोडायचा. चमचा मागणाऱ्यानं गावातच राहावं. वर आंबील, तीही आंबट ताकाची आणि लसूण ठेचून घातलेली. मग तिळाची पोळी, मग शेंगांची पोळी, मग खीर. खिरीनं तोंड गोड झालं की ते ताळ्यावर आणायला पुन्हा भज्जी. पूर्वी वर्गात मी भज्जीवर बोलायला लागलो की मला घंटा ऐकू येत नसे. पोरांना येत असे.

आंबील शेतात जाते ती बिंदग्यातनं, डोक्यावरनं. आमच्या घरी ते डोकं मायचं. ढेकळांचं रान, पायात काही नाही, डोक्यावर बिंदगं, काखेत धाकटा आणि मागं रेंगाळणाऱ्या आम्हांला शिव्या. आंबिलीचा थेंब सांडायचा नाही आणि शिव्यांचाही ओघ तुटायचा नाही.

मायचं हे बळ जिथं तयार होतं त्याला मायटोकॉन्ड्रिया म्हणतात, असं भाच्यानं सांगितलं. स्नायूंच्या पेशींत ही मंडळी दाटीनं असतात. खाल्लेलं अन्न आणि श्वासातला प्राणवायू घेऊन एटीपी नावाचं रसायन बनवतात आणि त्यावर सगळी हालचाल चालते. ते फारसं साठवता येत नाही. माणूस दिवसाकाठी जवळपास स्वतःच्या वजनाइतकं एटीपी बनवतो आणि खर्चून टाकतो. यातली खरी गंमत अशी की मायटोकॉन्ड्रियांना स्वतःचा वेगळा डीएनए असतो आणि तो फक्त आईकडनं येतो. बापाचा त्यात वाटा नाही. आम्हां भावांत बांधावरनं कोर्टात तारखा पडल्या, मायच्या पाटल्यांवरनं जावाजावांत अबोला झाला. ही एकच इस्टेट सगळ्यांना सारखी मिळाली आणि तिच्यावर कुणी दावा ठोकला नाही. मायनं त्या बळावर बिंदगं वाहिलं. मी हजेरीपट वाहिला.

या बळाचा आणि चरबीचा हिशेब लावायला अमेरिकेत पिट्सबर्ग आणि वेक फॉरेस्ट इथल्या संशोधकांनी ७० आणि त्यापुढच्या वयाची ८०० हून जास्त माणसं अभ्यासाला घेतली. मांडीच्या स्नायूचा कण काढून त्यातल्या मायटोकॉन्ड्रियांचा दम तपासला, एमआरआय करून चरबी मोजली. पोटात आणि मांडीच्या स्नायूत चरबी जास्त, तिथं ऊर्जा बनवायची ताकद कमी, असं दिसलं. चुली विझत चाललेल्या आणि सरपण स्वयंपाकघरभर पडलेलं, असा प्रकार. सरपणाखाली चुली दबल्या की चुली विझल्या म्हणून सरपण उरलं, यावर जाणकारांत खल चालू आहे. आमच्या घरात तो संपला आहे. सौ.च्या मते दोन्हीला मीच जबाबदार.

मायचं पोट मात्र कधी सुटलं नाही. शेवटच्या वर्षांत आम्ही तिच्या डोक्यावरनं बिंदगं उतरवलं, मग हातातनं घागर काढून घेतली, मग झाडू. "माय, बस की आता. किती करशील?" लेकं कर्ती, सुना चांगल्या, म्हणून गावानं नाव काढलं. माय पलंगावर बसली. पुढं जमिनीवर बसली की उठता येईना, मग पायरीला कुणाचा तरी हात लागायला लागला, आणि एका सकाळी मोरीत पडली. दाखवायला नेलं तिथं तिचं वजन केलं, कागदावर नॉर्मल लिहिलं आणि मला म्हणाले, "वय झालंय." तिची मांडी कुणी हातात धरून बघितली नाही. साडीआड तिथं नुसती काठी उरली होती. वय झालंय! एवढं बोललं की बोलणारा सुटतो. १९९० साली छापून आलेला बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातला प्रयोग आहे. ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. शेवटपर्यंत टिकले त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. माय त्यांच्यातल्या सगळ्यांत लहान माणसापेक्षाही लहान होती. आणि बसवण्णांचं कल्याण आमच्यापासनं बसनं तासाभरावर! बाराव्या शतकात त्यांनी तिथं कायक सांगितलं, म्हणजे कष्ट हीच पूजा. त्याला वयाची अट घातल्याचं माझ्या वाचनात नाही.

तर मी हल्ली हात न टेकता खुर्चीतनं उठतो आणि बसतो. सौ. मोजते आणि मुद्दाम चुकवते. सेंट लुईसच्या जॉन होलोझी यांनी १९६७ साली उंदरांना पट्ट्यावर पळवून पळवून त्यांच्या स्नायूंतल्या मायटोकॉन्ड्रियांची ताकद जवळपास दुप्पट करून दाखवली होती. त्या उंदरांना एक मोठी सोय होती. त्यांना कुणी "बसा गुरुजी" म्हणत नसे.

भालकीत मान म्हणजे खुर्ची. मी किराणा दुकानात गेलो, खुर्ची. तहसीलला गेलो, खुर्ची. तिरडी बांधायला गेलो तरी आधी खुर्ची. म्हणून परवा बिदरला जाताना ठरवलं की बसमध्ये उभंच राहायचं. २०२३ च्या जूनपासनं कर्नाटकात बायकांना बसप्रवास फुकट झाल्यामुळं उभं राहायला वेगळे कष्टही पडत नाहीत. माझा एक विद्यार्थी उठला. मी नको म्हणालो. त्याला वाटलं, जुन्या निकालाचा राग आहे. कंडक्टर "कुंदर्री सर, कुंदर्री" करत मागं लागला. अख्खी बस मला बसवायला निघाली तरी मी दांडीला धरून ताठ.

हलबर्ग्याच्या अलीकडं खिडकीकडची एक म्हातारी उठली. माझ्याहून दहा वर्षांनी तरी थोरली, मांडीवर मेथीची टोपली.

"बस की बाबा," ती म्हणाली, "पाय थरथरायलेत तुझे."

बसलो. तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि एका हातानंही कशाला न धरता उभी राहिली. कंडक्टरनं तिला शून्याचं तिकीट दिलं आणि माझ्याकडनं पूर्ण पैसे घेतले. सवलत द्यायचीच तर चरबीच्या टक्क्यांवर द्यावी, असा अर्ज मी लिहायला घेतला आहे. आकडा मात्र सीलबंद पाकिटातनंच देईन.