बसवण्णा, मांजर आणि पॉइंट थर्टी-फाइव्ह

तुम्हाला म्हणून सांगते, बाहेर बोलू नका. आमच्या कन्नडच्या मॅडम बिघडल्या.

निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. कॉटनची साडी, मोगऱ्याचा गजरा, आवाज असा की मागच्या बाकावरचा पोरगा झोपेतही ताठ बसेल. परवा स्टाफरूममध्ये आमची बाय-टू कॉफी आली, माझ्या वाट्याची मी संपवलीसुद्धा, आणि या आपल्या फोनवर काहीतरी बघून खुदुखुदु हसतायत! मी डोकावले. बसवण्णांच्या वचनावरचा प्रश्न, खाली चार पर्याय आणि बरोबर उत्तर दिलं की नाचणारं मांजर. बसवण्णा! आणि मांजर! बाराव्या शतकापासून आजपर्यंत त्या वचनांच्या वाट्याला काय काय आलं असेल, पण हे?

"अय्यो, मुलांना आवडतं," म्हणाल्या. वर लाजल्यासुद्धा.

हे प्रकरण काही परदेशातून आलेलं नाही, घरचंच आहे. 'क्विझिझ' नावाचं हे खेळणं 2015 मध्ये इथेच, आपल्या बंगळुरात जन्मलं. 2025 मध्ये त्याने नाव बदलून 'वेग्राउंड' केलं, पण माहेरच्या नावाने हाक मारणारे आमच्यासारखे बरेच आहेत. शिक्षकाने प्रश्न टाकायचे, मुलांनी खटाखट उत्तरं द्यायची, जो लवकर देईल त्याला जास्त गुण, आणि कोण पहिला कोण शेवटचा हे सगळ्या वर्गाला फळ्यावर दिसतं. आमच्या सहावीच्या वर्गाबाहेरून जाऊन बघा एकदा. चिन्नास्वामीवर सामना चालू आहे असंच वाटेल. त्यात मुलांनी घेतलेली टोपणनावं! 'होमवर्क-चोर' पहिला आला म्हणून मी टाळ्या वाजवल्यात, आता काय सांगायचं.

पी.टी.चे सर म्हणतात, ही सगळी आजकालची थेरं. आजकालची कसली? या शहराला हा नाद जुनाच. इस्रो इथली. 1975-76 मध्ये तिने नासाचा उपग्रह वर्षभर उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 खेड्यांत टीव्ही पोचवला. आपल्याकडे विजापूर, गुलबर्गा, रायचूर हे जिल्हे त्यात होते. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची भलीमोठी छत्री शाळेवर बसवायची आणि सकाळी पोरांनी टीव्हीसमोर मांडी घालायची. तेव्हाचे गुरुजी 'आता आमचं काय काम' म्हणून कुरकुरले नसतील तर मी माझं नाव बदलीन, वेग्राउंडसारखं. पुढे 2004 च्या सप्टेंबरात खास शिक्षणासाठी एज्युसॅट उडाला. म्हणजे लोकांच्या गावात फळा येतो, आमच्याकडे थेट उपग्रह.

आणि याच शहरातल्या सरकारने जून 2020 मध्ये काय करावं? पाचवीपर्यंतच्या मुलांचे ऑनलाइन वर्गच बंद! कोरोनाने शाळांना कुलूप, आणि देशाच्या संगणक-राजधानीत पडद्यावर शिकवायलाही मनाई. पालक गेले कोर्टात. 8 जुलैला हायकोर्टाने त्या बंदीला स्थगिती दिली, थेट शिक्षणाच्या मूलभूत हक्काचा दाखला देऊन. स्टाफरूममध्ये त्या दिवशी दोन तट पडले असते, पण स्टाफरूमच नव्हती. जो तो आपापल्या स्वयंपाकघरात 'मिस, तुम्ही म्यूटवर आहात' ऐकत बसलेला.

बायजूज या इथल्याच शिकवणी-ॲपचं तर विचारूच नका. 2022 मध्ये 22 अब्ज डॉलर किंमत, भारतीय क्रिकेटपटूंच्या छातीवर नाव, मेस्सी दूत. पुढे भारताचं क्रिकेट बोर्डच त्या जर्सीच्या सुमारे 159 कोटींच्या थकबाकीवरून बंगळूरच्या लवादात गेलं आणि जुलै 2024 मध्ये दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. अंगावरच्या सदऱ्याचे पैसे राहिले म्हणून! आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला याहून जास्त उधारी सांभाळतो.

पण खरं लफडं वेगळंच आहे, आणि ते माझं आहे.

मॅडमच्या नादाने मीही एक खेळ लावला. विषय दशांश अपूर्णांक. हा धडा मी वीस वर्षं शिकवतेय. दरवर्षी शेवटी विचारते, 'समजलं?' आणि दरवर्षी वर्ग एका सुरात म्हणतो, 'येस मिस!' त्या सुरावर माझी वीस वर्षं सुखाने गेली. खेळ झाला, दंगा झाला, 'होमवर्क-चोर' जिंकला. संध्याकाळी घरी अहवाल उघडला. सातवा प्रश्न: 0.5 आणि 0.35 यांत मोठी संख्या कोणती? 34 मुलांपैकी 29 जणांनी सांगितलं 0.35.

एकोणतीस! एखाददुसरा चुकला तर पोरगं धांदरट म्हणता येतं. एकोणतीस जण एकच चूक करतात तेव्हा धांदरट कोण, हे सांगायला ॲप लागत नाही. कारणही तिथेच सापडलं. आमच्याकडे मुलं वाचतात 'पॉइंट थर्टी-फाइव्ह' आणि 'पॉइंट फाइव्ह'. पस्तीस पाचापेक्षा मोठे, यात त्या बिचाऱ्यांचं काय चुकलं? बेळगावच्या मराठी शाळेत आमच्या बाई 'तीन दशांश, पाच शतांश' असं घोकून घ्यायच्या आणि आम्ही त्यांची नक्कल करून हसायचो. तेव्हा कळलं नाही की ते घोकणं नव्हतं, मापणं होतं. आणि मी? वीस वर्षं थर्टी-फाइव्ह, थर्टी-फाइव्ह.

दुसऱ्या दिवशी पन्नास पैसे आणि पस्तीस पैसे असं सांगून पाहिलं. वर्ग माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी कवड्यांचा व्यवहार सांगतेय. एक मुलगी म्हणाली, "मिस, पैसे म्हणजे रुपयेच ना?" फोनवरून पैसे देणाऱ्या घरातली ती पोरं, त्यांनी पन्नास पैशांचं नाणं बघावं कुठे! मग समोरच्या शिंप्याकडून टेप आणली. एक मीटर रिबन ताणली. अर्धा मीटर इथे, आणि तुमचं ते थर्टी-फाइव्ह? हे इथे, अलीकडे. कात्री लावून दोन्ही तुकडे फळ्याला चिकटवले. नाचणारं मांजर नाही, गुण नाहीत, पण वर्गातून एक 'ओऽऽ' आला. त्या 'येस मिस'पेक्षा बराच बेसूर.

आता शाळेत प्रत्येक तासाला एक फॉर्म भरावा लागतो. त्यात एक रकाना: 'वापरलेलं टेक टूल'. रिकामा सोडला की विचारणा होते. मी इमानदारीत लिहिलं, 'टेप'.

संध्याकाळी समन्वयक बाई कॉरिडॉरमध्ये थांबवून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "मिस, हे नवीन दिसतंय. सबस्क्रिप्शन किती?"

"वीस रुपये," मी म्हटलं. "एकदाच भरायचे."

त्यांनी डायरीत लिहून घेतलं.