तारखेच्या आत भरणारा बुडव्या

परवा लातूरच्या गंजगोलाईत उभ्या उभ्या उसाचा रस पीत होतो, तेवढ्यात क्रेडिट कार्डवाल्यांचा फोन. या महिन्यातला तिसरा. "सर, तुमचं 18,340 रुपयांचं बिल आहे. पूर्ण भरायची गरज नाही, 917 भरले तरी चालतं." म्हटलं, कालच भरलं. पलीकडे शांतता. मग ती पोरगी अशा आवाजात "पूर्ण?" म्हणाली, की माझ्या हातून काहीतरी विपरीत घडल्यासारखं मला वाटलं.

घडलंच होतं. पुतण्या पुण्यात याच धंद्यात आहे. तो म्हणाला, अमेरिकेत कार्डाच्या धंद्यातले लोक तुमच्यासारख्या पूर्ण बिल भरणाऱ्याला आपसात 'डेडबीट' म्हणतात. मराठीत, बुडव्या.

बुडव्या! लातुरात हा शब्द काही वाटेवर पडलेला नाही. आडत्याकडून उचल घ्यायची आणि रास झाली की सोयाबीन दुसऱ्याच दुकानी नेऊन घालायचं. नाहीतर शेतकऱ्यांचे पैसे थकवून, दुकानाला कुलूप ठोकून रातोरात हैदराबाद गाठायचं, तेव्हा कुठे माणूस या पदवीला पोचतो. त्याच्या घरात पोरगी द्यायला लोक दहादा विचार करतात. मी ती पदवी किराणा, पेट्रोल आणि पोराच्या क्लासची फी वेळेवर भरून मिळवली. बरं, फुकटात काही खाल्लं म्हणावं तर तेही नाही. मशीनवर कार्ड घासलं की दुकानदाराच्या पैशातून हिस्सा कापला जातोच. म्हणून तर कापडवाला "कार्ड असेल तर दोन टक्के वर पडतील" म्हणतो. तो हिस्सा पोटात गेल्यावरही कंपनी माझ्याकडे उपाशी नजरेने बघते.

कंपनीचा लाडका आहे नांदेडचा माझा मेहुणा. तो दर महिन्याला किमान रक्कम भरतो, म्हणजे शंभरातले पाच. उरलेल्यावर पावणेचार रुपये शेकडा, महिन्याला. तेही शेवटच्या तारखेपासून नव्हे, खरेदीच्या दिवसापासून. व्याजावर 18 टक्के जीएसटी, आणि मागचं फिटेस्तोवर नवी खरेदीही पहिल्या दिवसापासून व्याजात. वर्षाचे झाले 45 टक्के. आमच्या आजीच्या काळी सवाईने दाणे देणाऱ्या सावकाराच्या नावाने बायका बोटं मोडायच्या, आणि सवाई म्हणजे 25. हे तर दिढीला पाचच कमी! 2014 च्या सावकारी कायद्याखाली परवाना घेतलेल्या सावकाराला बिगरशेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांची मर्यादा. बिचाऱ्याने गादी-तक्क्या विकून कार्डं छापायला घ्यायला हवी होती.

मेहुण्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात, न मागता मर्यादा वाढवून द्यायची विचारणा होते. मला विमानतळावरच्या लाउंजचा फुकट प्रवेश तेवढा दिलाय. लातूरचा विमानतळ विमानाची वाट बघून म्हातारा झाला, हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

पण एकट्या कार्डवाल्यांनाच शिव्या कशाला द्यायच्या? राज्य सरकारच्या 2019 च्या कर्जमाफीत थकलेल्यांचे दोन लाखांपर्यंत माफ झाले. बरंच झालं, थकणारे काही हौसेने थकले नव्हते. पण बायकोची बोरमाळ गहाण टाकून ज्याने मुदतीत पीककर्ज भरलं, त्याच्यासाठी 50 हजारांपर्यंतचं प्रोत्साहन जाहीर झालं 2020 मध्ये आणि खात्यात पडायला लागलं 2022 साली. माझा चुलता त्यातलाच. दोन वर्षं पारावरची पोरं त्याला "काय काका, आलं का बक्षीस?" विचारून दात काढायची. तो खाली मान घालून निघून जायचा. खाली मान त्याने घालायची? अरे, कर्ज फेडलं होतं त्याने, कुणाची शेळी नव्हती चोरली!

असो. रक्तदाब वाढतो.

हे लिहीत असतानाच नांदेडहून फोन. "दाजी, आज शेवटची तारीख हाय बघा. किमान रकमेपुरते तरी टाका की."

म्हटलं, "शेकडा काय देणार?"

"काय दाजी, घरच्या माणसाकडून व्याज घेता व्हय?"

टाकले. तेही पूर्ण.