सात दिवस, सहा रात्री आणि एक गाव (जीएसटी वेगळा)

आमच्या प्रभादेवीतल्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाणी, पार्किंग आणि कबुतरं या तीन विषयांवर आजवर कधी एकमत झालेलं नाही. यंदा चौथ्या विषयावर मात्र झालं: सगळ्यांनी मिळून आठवडाभर बेटावर जायचं. मालवणचं पॅकेज आहे. सकाळी किल्ल्याच्या बेटाला लागून स्नॉर्केलिंग, दुपारी खाडीत होडीतून निसर्ग आणि संध्याकाळी ‘अस्सल पारंपरिक ग्रामसंस्कृती’. निसर्गात नाश्ता धरलेला आहे, संस्कृतीवर जीएसटी वेगळा.

मी भीत भीत ग्रुपवर लिहिलं, की आपण राहतो तेही बेटच आहे. त्यावर तिघांनी अंगठा दाखवला आणि चर्चा खिडकीची सीट कोणाला यावर गेली.

खोटं नाही लिहिलं मी. इथे सात बेटं होती. भरतीला वरळीच्या खिंडीतून समुद्र आत शिरायचा आणि मधला सगळा सखल भाग पाण्याखाली जायचा. १७८४ च्या सुमारास हॉर्नबी वेलार्डचा बांध पुरा झाला, खिंड बुजली आणि मग भराव टाकायची जी सवय लागली ती अजून सुटलेली नाही. दोनशे वर्षं खपून आपण बेटांचं बेटपण घालवलं. आता त्याच वस्तूसाठी आगाऊ पन्नास टक्के भरतो आहोत. भावाचं म्हणाल तर १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने मुंबई कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिली होती. नाश्ता नव्हता त्यात, एवढंच.

असो. ज्यांनी स्नॉर्केलिंग केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. डोळ्यांवर काचेचा चष्मा, तोंडात नळी, हातात हवा भरलेली ट्यूब, आणि पाण्यात पालथं पडायचं. पोहता यावं लागत नाही, धरून ठेवायला माणूस असतो. होडीवाला पाण्यात खाऊ टाकतो, मासे गोळा होतात, दुसरा पोरगा पाण्याखालून गोप्रोने शूटिंग करतो आणि त्याला गाणं लावून व्हिडिओ देतो. व्हिडिओत आपण फार शूर दिसतो. हे सगळं घडतं ते शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या काळात बांधलेल्या सिंधुदुर्गाच्या सावलीत. तीन वर्षांत भर समुद्रात किल्ला उभा राहिला हे वाक्य गाइडने जरा जपून उच्चारावं. मुंबई-गोवा महामार्गाचं काम २०११ पासून पाहत आलेला माणूस त्या क्षणी हळवा होतो.

मागच्या वर्षी आमच्या विंगमधले एक भाऊ जाऊन आले. भाऊंचे आजोबा आचऱ्याचे. गिरणीत चिकटले म्हणून मुंबईचे झाले. आचरा मालवण तालुक्यातच, किल्ल्यापासून फार लांब नाही. तर भाऊंनी होडीत बसल्या बसल्या विचारलं, “भैया, मछली दिखेगी ना?” होडीवाला म्हणाला, “साहेबांनू, नाकान श्वास घेव नकात, तोंडान घेवा. आणि गाव खयचो तुमचो?” भाऊंच्या तोंडात तोवर नळी गेली होती, म्हणून अब्रू वाचली.

प्रवाळ पाहायला खरं तर इतकं लांब जायची गरज नव्हती. वरळीला आणि हाजीअलीला होतं की! कोस्टल रोडच्या वाटेत आलं. प्रवाळ हे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला बसलेलं. त्यामुळे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ आले, मोजणी झाली, परवानग्या निघाल्या आणि २०२० मध्ये अठरा वसाहती अलगद उचलून नेव्हीनगरच्या किनाऱ्याला नेऊन बसवल्या. पुढे त्यांच्या प्रकृतीवर लक्षही ठेवलं. पुनर्वसन करावं तर असं! नवा पत्ता कुलाबा, समुद्राला लागून, शेजारी नौदल. उलट १९८२ च्या संपात होरपळलेल्या ज्या गिरणी कामगारांना अजून घर मिळालेलं नाही, त्यांच्यापुढे सरकारने ठेवलेला पत्ता आहे शेलू आणि वांगणी, कर्जतच्या लाइनवर. तिथून समुद्र दिसत नाही. कामगारांची चूक एवढीच, की त्यांनी वेळेत पहिल्या अनुसूचीत नाव नोंदवलं नाही.

आपल्याकडच्या किनाऱ्यावर अजूनही ओहोटीला खडकांत पाहिलं तर समुद्रफुलं, खेकडे, शंख हलताना दिसतात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी २०१७ पासून लोकांना घेऊन जाऊन ते दाखवताहेत. पण तिथे ट्यूब नाही, गाणं लावलेला व्हिडिओ नाही, आणि चपला भिजतात.

आता पॅकेजचा मुख्य पदार्थ, ग्रामसंस्कृती. तपशील असा: शेणाने सारवलेली खोली (एसीसह), विहिरीतून पाणी शेंदणे, चुलीवरची घावनं, रापण ओढणे आणि शेवटच्या रात्री दशावतार. आमच्या जुन्या चाळीत पहाटे चारला उठून नळावर कळशीचा नंबर लावण्याची संस्कृती होती. ती कोणी विकत घेतली नाही. मार्केटिंग कमी पडलं.

रापणीचं जरा थांबून सांगायला हवं. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकायचं आणि मग किनाऱ्यावरून दोन्ही टोकं धरून सगळ्यांनी मिळून ओढायचं. मिळेल त्या मासळीचे वाटे घालायचे. आता किनाऱ्यापर्यंत मासळी येईल तर रापणीत सापडेल. त्याआधीच बाहेर तिला पर्ससीनची जाळी आणि रात्रीचे एलईडी दिवे गाठतात. सरकारने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, पुढे एलईडीवरही बंदी आणली, आणि पारंपरिक मच्छीमार त्या निर्बंधांची अंमलबजावणी करा म्हणून मोर्चे काढत राहिले. मागच्या वर्षी भाऊंबरोबर गेलेल्या वहिनींनी पंधरा मिनिटं दोर ओढला. फोटो उत्तम आला. जाळ्यात काय आलं, हे विचारणं पॅकेजमध्ये नव्हतं.

दशावतार मुळात रात्रभर चालतो. इथे तो बुफे लागेपर्यंत चालतो. संकासुर येतो, मरतो आणि सूप येतं.

यात माझी तक्रार मालवणच्या लोकांबद्दल नाही. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा झाला, त्यांनी पर्यटक मागितले आणि आम्ही गेलो. आमची हौस विचार करण्यासारखी आहे. पौष पौर्णिमेच्या दिवसांत आमच्या दाराशी प्रभावती देवीची जत्रा भरते. खाज्याचे ठेले, पाळणे, ओटी भरायला बायकांची रांग. त्या दिवसांत आमच्या ग्रुपवर संस्कृतीविषयी एकच प्रश्न असतो: गाडी बाहेर कशी काढायची? पलीकडे वरळी कोळीवाडा आहे. गाव म्हणावं तर इंग्रजांच्या आधीचं. कोस्टल रोडचे खांब समुद्रात उभे राहू लागले तेव्हा तिथल्या कोळ्यांनी सांगितलं, क्लीव्हलँड बंदरातून बोटी ये-जा करायच्या तर दोन खांबांत दोनशे मीटर अंतर ठेवा. आराखड्यात साठ होतं. कोळ्यांनी बोटी आडव्या घातल्या, काम थांबवलं, तेव्हा कुठे एकशेवीसवर तोडगा निघाला. म्हणजे ग्रामसंस्कृतीला मुंबईत अधिकृत रुंदी मिळाली आहे, तीही भांडून. त्या वर्षी आमचा ग्रुप रस्ता कधी सुरू होणार याचीच वाट पाहत होता. मीही पाहत होतो. दहा मिनिटांत मरीन ड्राइव्ह कोणाला नको असतं?

आणि आमच्या सोसायटीच्या गेटवर पाटी आहे: ‘मासळीविक्रीस सक्त मनाई. लिफ्टमध्ये टोपली आणू नये.’ ठराव बहुमताने झालेला आहे. ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांनीच मालवणात टोपलीतल्या सुरमईला मिठी मारून फोटो काढले आणि खाली ‘ऑथेंटिक’ असं लिहिलं.

तर मंडळी, जरूर जा. पावसाळा संपल्यावर जा, त्याआधी समुद्र आणि स्नॉर्केलिंग दोन्ही बंद असतात. प्रवाळावर पाय देऊ नका. होडीवाल्याने गाव विचारलं तर नळी काढून सांगा. मालवणी मोडकंतोडकं असलं तरी तो समजून घेईल. फक्त निघण्याआधी कमिटीची एक मीटिंग बोलवा आणि ती पाटी उतरवा. वरळीच्या मावशींना पाचव्या मजल्यापर्यंत येऊ द्या. त्या जीएसटी लावत नाहीत.