गणितात पहिला आला, पण गणितात केलं काय?

निकाल लागला की पेणच्या नाक्यांवर आणि रोह्याच्या बाजारपेठेत फलक चढतात. फोटो, नाव, टक्के आणि खाली ठळक अक्षरांत 'गणितात 100 पैकी 100'. मुलाचं कौतुक व्हायलाच हवं, त्याने वर्षभर रात्री जागवल्या आहेत. माझा राग त्याच्या गुणांवर नाही, आपल्या कुतूहलावर आहे. ते फलकापाशीच संपतं. गणितात तुला स्वतःचा एखादा प्रश्न पडला का रे, हे त्याला कुणी विचारत नाही. ना शेजारी, ना शाळा, ना विद्यापीठ.

शंभर गुण म्हणजे दुसऱ्याने विचारलेल्या आणि दुसऱ्याने आधीच सोडवलेल्या प्रश्नांची ठरलेल्या वेळात दिलेली बरोबर उत्तरं. हे कसब आहे आणि ते कमवावं लागतं. पण त्याने गणित तसूभरही पुढे जात नाही. ज्याचं उत्तर वर्गात कुणालाच ठाऊक नाही, असा प्रश्न कुणाला तरी पडतो तेव्हा गणित पुढे जातं. आपली बक्षिसं मात्र जवळपास सगळी उत्तरांना.

नेहमीच असं नव्हतं.

1927 साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातल्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर या विद्यार्थ्याला 'रँग्लर परांजपे गणित पारितोषिक' मिळालं. विद्यार्थ्याने स्वतःच्या डोक्याने केलेल्या नव्या गणिती कामासाठी हे बक्षीस होतं. कापरेकर 1905 साली डहाणूत जन्मले, ठाण्यात शाळा शिकले. त्यांची पदवी 1929 ची. क्रम नीट बघा. आधी शोध, मग पदवी. आज आपण मुलाला सांगतो की आधी बीएस्सी कर, मग एमएस्सी, मग सेट-नेट, मग पीएचडीला नाव नोंदव आणि मग हवा तर विचार कर. तोवर विचार करायची हौस फिटलेली असते.

पुढे कापरेकर देवळालीत शाळामास्तर झाले आणि 1962 मध्ये निवृत्त होईपर्यंत शाळामास्तरच राहिले. पीएचडी नाही, विद्यापीठात खुर्ची नाही. काम छापून आलं ते छोट्या नियतकालिकांत आणि पदरमोड करून काढलेल्या पुस्तिकांत. 6174 या संख्येची गंमत (ती पुढे पाहूच) त्यांनी 1949 मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं ते 1975 मध्ये, आणि मग जगभर त्यांचं नाव झालं. मधली सव्वीस वर्षं इथल्या अनेक विद्वानांना त्यांचं काम पोरखेळ वाटत होतं. 1927 च्या परीक्षकांना तसं वाटलं नव्हतं. त्या परीक्षकांना माझा दंडवत.

आणि बक्षिसाला नाव कुणाचं होतं? रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचं. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे, म्हणजे आपल्या कोकणातलेच. 1899 साली केंब्रिजमध्ये सीनिअर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकाचे, झालेले पहिले भारतीय. परीक्षेत त्याच्या वर जायला जागाच नव्हती. तरीही त्यांच्या नावाचं बक्षीस परीक्षेतल्या पहिल्याला मिळत नव्हतं, नवं काही करणाऱ्याला मिळत होतं. परीक्षेचं शिखर गाठलेल्या माणसाच्या नावाने परीक्षेपलीकडचं काम गौरवलं जात होतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

केंब्रिजलाही ही अक्कल लगेच आली नव्हती. तिथलं स्मिथ पारितोषिक 1769 पासूनचं. शंभराहून अधिक वर्षं तेही परीक्षा घेऊनच देत. 1880 च्या दशकात परीक्षा काढून टाकली आणि निबंध मागवायला सुरुवात केली, म्हणजे तुम्ही स्वतः काय शोधलंत ते लिहून द्या. 1909 नंतर तर रँग्लरांचा गुणानुक्रम जाहीर करणंच त्यांनी बंद केलं. ज्यांच्याकडून आपण गुणवत्ता यादीचं वेड घेतलं, ते त्यातून शंभर वर्षांपूर्वी बाहेर पडले. आपण अजून यादीच लावत बसलो आहोत.

कोल्हापूरला जन्मलेल्या जयंत नारळीकरांना 1962 मध्ये हेच स्मिथ पारितोषिक मिळालं. 1967 मध्ये त्यांना केंब्रिजचंच अॅडम्स पारितोषिक मिळालं. नेपच्यून कुठे सापडेल हे कागदावरच्या गणिताने काढणाऱ्या जॉन काउच अॅडम्स यांच्या सन्मानार्थ 1848 साली ते सुरू झालं. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी ते शनीच्या कड्यांवरच्या निबंधासाठी मिळवलं. कडी अखंड असूच शकत नाहीत, ती सुट्या तुकड्यांचीच असली पाहिजेत, हे त्यांनी गणिताने दाखवलं. नारळीकर परतल्यावर आपण सत्कार केले, शाली दिल्या, भाषणं ऐकली. पण तसं एखादं बक्षीस आपल्या बीएस्सीच्या मुलांसाठी काढावं, हे त्या सत्कारांतून आपल्याला सुचलं नाही.

"बीएस्सीचं पोर काय नवं शोधणार?" हा आक्षेप मला पाठ आहे. त्याचं उत्तर अॅलन ट्युरिंग. विद्यार्थिदशेत त्यांनी संभाव्यताशास्त्रातलं एक मोठं प्रमेय स्वतःच्या बळावर सिद्ध केलं. ते लिंडेबर्ग यांनी 1922 मध्येच सिद्ध केलं होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. केंब्रिजने "हे जुनंच आहे" म्हणून कागद परत केले नाहीत. 1935 मध्ये किंग्ज कॉलेजने त्यांना फेलो केलं आणि 1936 मध्ये स्मिथ पारितोषिक दिलं. उत्तर आधी कुणाला मिळालं होतं, यापेक्षा हा मुलगा एकट्याने तिथवर कसा पोचला, हे त्यांनी पाहिलं. तरुणांच्या बक्षिसाचा निकष हाच असायला हवा.

आता पेण आणि रोह्याकडे येऊ.

विनोबा भाव्यांचा जन्म 1895 चा, पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. गणितावरची आपली माया त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितली आहे. त्याच विनोबांनी तरुणपणी आपली प्रमाणपत्रं चुलीत घातली. गणित मात्र आयुष्यभर जपलं. रोह्याच्या घराण्यातले चिंतामणराव देशमुख 1896 चे. 1912 च्या मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्राचं फ्रँक स्मार्ट पारितोषिक, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, भारतीय संख्याशास्त्र संस्थेचे अध्यक्ष आणि 1956 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. रोह्यात त्यांच्या नावाचं महाविद्यालय आहे. देशभरच्या विद्यापीठांचा कारभार ज्याने पाहिला त्या माणसाच्या गावात विद्यापीठाकडे मागणी करायला कुणी संकोचू नये.

प्रश्न कुठून आणायचे, असं विचाराल तर याच दोन जन्मवर्षांपासून सुरुवात करा. कापरेकरांची कृती सोपी आहे. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा. जे येईल त्यावर पुन्हा तेच. 1895 घेतलं की 9851 वजा 1589 म्हणजे 8262. मग 6354, 3087, 8352 आणि 6174. पाच पायऱ्या. 1896 घेतलं की 8172, 7443, 3996, 6264, 4176 आणि पुन्हा 6174. सहा पायऱ्या. 6174 ला पोचलात की तिथून सुटका नाही, कारण 7641 वजा 1467 पुन्हा 6174 च.

आता विचारा. लागोपाठच्या दोन वर्षांत एका पायरीचा फरक का पडला? कुठलीही संख्या घेतली तरी सातपेक्षा जास्त पायऱ्या का लागत नाहीत? तीन अंकांत सगळे रस्ते 495 ला जातात, दोन अंकांत मात्र 9, 81, 63, 27, 45 असा फेरा सुरू राहतो, आणि पाच अंकांत कुठल्याच एका संख्येवर थांबता येत नाही. असं का? दहाऐवजी आठच अंक असते तर काय झालं असतं? यातले काही प्रश्न सुटलेले आहेत, काही विद्यार्थ्याला महिनाभर गुंतवतील. वही आणि पेन्सिल सोडून काही लागत नाही. प्रयोगशाळा नाही म्हणून रडायची सोय गणितात नाही, आणि लहान गावासाठी हाच त्यातला मोठा फायदा आहे.

कापरेकरांना 'डेमलो संख्यां'ची कल्पना सुचली ती डेमलो म्हणजे आजच्या डोंबिवली स्टेशनावर, आणि नावही त्या स्टेशनाचंच दिलं. 11 चा वर्ग 121, 111 चा 12321, 1111 चा 1234321 ही त्यातलीच मंडळी. दिव्याहून डोंबिवली दोन स्टेशनांवर, आणि दिवा-रोहा गाडीने आपली किती मुलं रोज ये-जा करतात! वेळ नाही, जागा नाही, वातावरण नाही, ही कारणं कापरेकरांनी शिल्लक ठेवलेली नाहीत.

आपल्या आसपासही प्रश्न पडलेले आहेत. पेणच्या गणपती कारखान्यातून टेम्पोत मूर्ती भरताना कमीत कमी जागेत जास्तीत जास्त मूर्ती कशा बसवायच्या? साध्या गोळ्यांच्या बाबतीत केप्लर यांनी 1611 मध्ये केलेल्या अंदाजाची सिद्धता थॉमस हेल्स यांनी 1998 मध्ये दिली. मूर्तीचा आकार तर गोळ्याहून कितीतरी अवघड. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटलेलं पाणी कुंडलिकेत येतं आणि त्यावर कोलाडचं राफ्टिंग चालतं. ती लाट किती वेळात कोलाडला पोचते, वाटेत किती ओसरते, रोह्याच्या खाली खाडीच्या भरतीला भेटते तेव्हा काय होतं? डिफरेन्शिअल इक्वेशन फळ्यावर शिकवतो ना आपण? मग नदीवर नेऊन शिकवा.

पेण आणि रोह्याची महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाची. 1927 मध्ये फर्ग्युसनही त्याच विद्यापीठाला जोडलेलं होतं, आणि डहाणू आजही त्याच्याच हद्दीत आहे. म्हणजे कापरेकर दोन्ही अंगांनी या विद्यापीठाचे. ऑयलर यांचा जवळपास पावणेदोनशे वर्षं जुना अंदाज 1959 मध्ये बोस आणि पार्कर यांच्यासह खोटा ठरवणारे शरच्चंद्र श्रीखंडे याच विद्यापीठात गणिताचे प्रमुख होते. एवढा वारसा असताना पदवीच्या विद्यार्थ्याच्या गणिती संशोधनाला विद्यापीठात मानाचं स्थान नसावं, याची मला चीड येते.

आविष्कार संशोधन महोत्सव आहे, मान्य. पण तिथे गणित 'शुद्ध विज्ञाना'च्या मोठ्या रांगेत उभं राहतं आणि फिरत्या मॉडेलांशी, रंगीत पोस्टरांशी झुंजतं. सिद्धता पोस्टरवर उठून दिसत नाही. ती बसून वाचावी लागते. माधव गणित स्पर्धा उत्तम आहे, तिथले प्रश्न खरोखर विचार करायला लावतात. पण तीही घड्याळ लावून घेतलेली परीक्षाच. राहिली पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं. तिथे निबंध छापून आणण्याची सवय मुलांना लावणाऱ्यांनी मुलांचं वाटोळं केलं आहे, हे एकदा स्पष्ट बोलायला हवं.

म्हणून मागणी मांडतो. मुंबई विद्यापीठाने कापरेकरांच्या नावाने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी गणित संशोधन पारितोषिक सुरू करावं. नियम थोडकेच ठेवा. निबंध जास्तीत जास्त दहा पानांचा, मराठीत चालेल. गुणांची अट नाही, एटीकेटी असलेल्यालाही दार उघडं. काम विद्यार्थ्याचं एकट्याचं, मार्गदर्शकाचं नाव आभारात. अर्धा तास तज्ज्ञांसमोर फळ्यावर उभं राहून समजावून सांगायचं, म्हणजे उसनं काय आणि स्वतःचं काय हे पाच मिनिटांत कळेल. निवडलेले निबंध विद्यापीठाने छापावेत. बक्षीस दीक्षान्त समारंभात, सुवर्णपदकांच्या रांगेत, तितक्याच मानाने द्यावं. आणि योग्य निबंध आला नाही तर त्या वर्षी बक्षीस देऊ नये. वाटायचं म्हणून वाटलेल्या बक्षिसाला मान राहत नाही.

खर्च फार नाही. एका निकालाच्या मोसमात तालुक्यात जेवढे फलक छापले जातात, तेवढ्या पैशात हे पारितोषिक काही वर्षं सहज चालेल. पैशाची अडचण पुढे करणाऱ्यांनी आधी फलकांची बिलं दाखवावीत.

या मागणीचा ठराव पुढच्या सिनेटमध्ये मांडला जावा, यासाठी रायगडच्या प्राचार्यांनी आणि पदवीधर मतदारांनी आपापल्या प्रतिनिधीला गाठावं. आणि पेण-रोह्याच्या गणिताच्या सरांना, मॅडमना एक कळकळीची विनंती. ठरावाची वाट पाहू नका. याच सत्रात एक तास मुलांना फक्त प्रश्न लिहायला सांगा. त्यातला जो तुम्हालाही सुटत नाही तो वर्गात मोठ्याने वाचा, विचारणाऱ्याला उभं करा आणि सांगा की हे मलाही येत नाही, चल, दोघं मिळून बघू. मग त्या मुलाला महिन्याची मुदत द्या, आणि त्याने जे काही लिहून आणलं असेल ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.