पायाळू यंत्र आणि मुकी माती

आमच्या एका दौंडकर स्नेह्यांनी सेवानिवृत्तीचा काळ सत्कारणी लागावा म्हणून धातुशोधक यंत्र खरेदी केले, आणि ज्या गुप्तधनासाठी पूर्वजांना पायाळू मनुष्याच्या डोळ्यांत अंजन घालावे लागे, ते आता निव्वळ कर्णेंद्रियाच्या बळावर हस्तगत होईल अशी त्यांची बालंबाल खात्री झाली. अशा हौशी मंडळींना परवाना, नोंदवही आणि दंड यांच्या बंदोबस्तात ठेवावे, हे आम्हांस सर्वथैव मान्य आहे. कारण एखादा नाण्याचा तुकडा उपसताना जे थर विस्कटतात, तेच त्याच्या काळाचे एकमेव साक्षीदार असतात. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी जमिनीत सापडल्यास कलेक्टरसाहेबांस लेखी वर्दी द्यावी, असे १८७८ च्या निखात निधी अधिनियमाने फर्मावलेच आहे. त्या रकमेत आज दौंड स्टेशनाबाहेर जेमतेम चहा येतो, ही गोष्ट अलाहिदा.

परंतु शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठच्या इनामगावी, डेक्कन कॉलेजच्या सांकळिया, ढवळीकर, अन्सारी प्रभृती विद्वानांनी १९६८ ते १९८३ या काळात जे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी उजेडात आणले, त्यांची दौलत पाहून आमच्या स्नेह्यांचे यंत्र बहुतांशी मूकच राहिले असते. जळलेले जव, रंगीत मडकी, मातीच्या पेटीतली मातीची देवी, आणि चार पायांच्या ज्या मातीच्या रांजणात एका पुरुषाला बसवून पुरले होते तो रांजण: यांपैकी एकही वस्तू घुंई करीत नाही.

यंत्र खरा आक्रोश करील ते अशा जुन्या वस्तीच्या टेकाडाची पांढरी माती खतासाठी ट्रॉलीत भरणाऱ्या जेसीबीपाशी, किंवा भीमेच्या पात्रात वाळू उपसणाऱ्या बोटीपाशी. परंतु ही अवजारे शंभर वर्षांची नसल्यामुळे १९७२ च्या कायद्यान्वये पुरावशेष ठरत नाहीत, आणि पंचनाम्याची मंडळी पोहोचेपर्यंत जागेवर राहण्याचा त्यांचा स्वभावही नाही. सबब, कानाला यंत्र लावून एकटा फिरणारा पेन्शनरच काय तो कायद्याच्या हाती लागण्याजोगा उरतो.

इनामगावकर आपल्या प्रौढ मृतांचे पाय घोट्यापासून तोडून त्यांना राहत्या घराच्या जमिनीखाली पुरीत. मृताने घर सोडून जाऊ नये, हा त्यामागील हेतू असावा, असा तर्क विद्वान करतात. खबरदारी चोख होती. फक्त मृत जागच्या जागी राहील आणि घरच ट्रॉलीत बसून निघून जाईल, एवढे त्या बिचाऱ्यांच्या ध्यानी आले नाही.